आबनोशीचा पत्रा

पत्रा पालथा केला तेव्हा बब्रुवानला अक्षरं दिसली. पांढऱ्या रंगात, कुंचल्यानं घाईघाईत ओढलेली, उर्दू. सकाळपासून त्यानं दोन पत्रे कापले होते. तिसऱ्यावर खडूनं माप टाकायचं म्हणून तो उलटा घातला, तर पाठीवर हे. चौथीपर्यंत मास्तरांच्या छडीखाली शिकलेलं उर्दू त्याला अजून वाचता येई, पण अडखळत, एकेका अक्षराला बोट लावून. आबनोशी. म्हणजे पिण्याचं पाणी. त्याच्या अलीकडं हौज, म्हणजे टाकी. आणि खाली, रंग ओघळून लांबलेलं, लोहार गल्ली. त्यानं बोट काढलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. उस्मानाबादेत लोहार गल्ली एकच होती आणि तो तिच्यातच, स्वतःच्या दुकानात, हातात खडू धरून उभा होता. बाहेर चैत्राचं ऊन पत्र्यासारखंच तापत होतं. वेल्डिंगचा गॅस बनवायच्या कार्बाईडच्या टाकीतून तो उग्र, लसणासारखा वास येत होता, रोज येई तसाच.

आठ दिवसांपूर्वी हिंमतराव स्वतः दुकानावर आले होते. तीन गावची जमीन, शहरात दगडी घर, नगर कमिटीत खुर्ची. असा माणूस लोहार गल्लीत पायी येतो म्हणजे काय, गल्लीतली कुत्रीसुद्धा बाजूला झाली होती. त्यांनी खिशातून कागद काढला. हैदराबादेकडं एका नवाबाच्या शिकारखान्यात त्यांनी एक शेगडी पाहिली होती, तिचं चित्र. सहा फूट लांब, गुडघाभर खोल लोखंडी पन्हाळ. एका अंगाला पिंजरा, त्यात लाकडं जाळायची, निखारा खाली पडला की ओढून पन्हाळीत पसरायचा. वर सळयांची जाळी, आणि ती जाळी दांडा फिरवला की साखळीवर वरखाली व्हायची, आच हवी तशी. हरणाची अख्खी मांडी एका वेळी भाजली पाहिजे, हिंमतराव म्हणाले होते, मोठे साहेब येणार आहेत. बब्रुवाननं कागद हातात घेतला आणि तो खूश झाला. हेच आता त्याला आठवत होतं आणि हेच सहन होत नव्हतं. लढाईच्या आधी सोलापूरच्या गिरणीत वेल्डिंग शिकून तो गावी परतला होता, आणि सात-आठ वर्षं नांगराचे फाळ, मोटारीची फुटलेली नळकांडी आणि लोकांच्या मोडक्या खुर्च्या सांधत बसला होता. डोक्यातून काढून काही बनवावं असं काम पहिल्यांदा आलं होतं. जेवताना त्यानं ताटातल्या वरणात बोटानं ती साखळी काढून पाहिली होती. सारजाबाईनं विचारलं होतं, असं काय करताय, आणि तो लाजला होता. दुसऱ्या दिवशी हिंमतरावांच्या गाडीतून पत्रे आले. सुताभर जाडीचे, कोरे, निळसर. लढाई संपली तरी लोखंड परमिटावरच मिळत होतं. शेतकऱ्याला कुदळीपुरतं मिळत नव्हतं. एवढे पत्रे कुठून आले हे बब्रुवाननं विचारलं नव्हतं. का नव्हतं विचारलं? कारण हाताला काम दिसलं होतं. हाताला काम दिसलं की आपण तोंड मिटतो, आपण, आपला बाप, त्याचा बाप.

मागच्या वर्षी ह्याच दिवसांत गल्लीत पटकी आली होती. अकरा माणसं गेली. त्यातली एक दगडाबाई, त्याची मुलगी, सात वर्षांची. तिच्या आधीची दोन पोरं पाळण्यातच गेली म्हणून हिचं नाव दगडा ठेवलं होतं, दगडाला काय होतंय, म्हणून. दगडासारखीच होती. भात्याशी बसून राहायची, ठिणग्या अंगावर आल्या तरी हलायची नाही. एका सकाळी तिला उलटी झाली आणि दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले, बोटांची कातडी धुणं धुतलेल्या बाईसारखी सुरकुतली. ती पाणी मागत होती. सारखं, आवाज बसला तरी ओठांनी. बब्रुवान आडावर गेला, ताजं पाणी शेंदून आणलं आणि तिच्या तोंडात घातलं. पुन्हा गेला. पुन्हा आणलं. दिवसभरात किती वेळा गेला त्याला आठवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी दवाखान्याचे डॉक्टर आले, आडाच्या उघड्या तोंडाशी उभे राहून त्यांनी आत डोकावलं, काठावरचं शेण, घाण, वरून वाहून जाणारं सांडपाणी पाहिलं, आणि म्हणाले की सगळं ह्या पाण्यातूनच आलंय. म्हणजे त्यानंच आणलं होतं. घागरीघागरीनं, धावत. हे वाक्य त्यानं वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. आडात औषध टाकलं गेलं. मग मारुतीच्या पारावर सभा झाली, हिंमतराव उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, खरंच आले होते, बब्रुवाननं जवळून पाहिलं होतं. लोहार गल्लीला बंद लोखंडी टाकी मिळंल, ते म्हणाले होते, तोटीची, मी परमिट आणतो, हा माझा शब्द. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बब्रुवाननंही वाजवल्या. आणि आता ती टाकी त्याच्यापुढं होती, तिसरा पत्रा, आणि उरलेले दोन कापलेले.

त्यानं खडू फेकला, कपाळावरचा वेल्डिंगचा चष्मा काढला आणि तो तसाच, काळ्या हातांनी, हिंमतरावांच्या घरी गेला. वाटेत तो मनातल्या मनात बोलत होता. मालक, तुमाला लाज कशी वाटली न्हाय. नाही, लाज नको, शब्द म्हणावं. मालक, तुमी शब्द दिला व्हता. अकरा मढी. त्या मढ्यांच्या टाकीवर तुमी मटण भाजनार? वाक्य चांगलं जमलं होतं. चौकातून वळेपर्यंत त्यानं ते चार वेळा म्हटलं. हिंमतराव ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. "ये बब्रुवान, बस," ते म्हणाले. बस म्हणाले, आणि तिथंच अर्धं वाक्य गळालं.

"मालक, पत्र्यावर काईतरी लिव्हलंय."

"काय लिहिलंय?"

"आबनोशी. लोहार गल्ली."

हिंमतरावांचा अडकित्ता थांबला नाही. सुपारीची खांडं तबकात पडत राहिली. "तुला वाचता येतं व्हय? बरंय," ते म्हणाले. "मग नीट ऐक. हे साहेब खूश झाले की पुढच्या हप्त्यात सही. एक टाकी न्हाय, दोन टाक्या. एक तुमच्या गल्लीला, एक खालच्या वस्तीला. कागद तिथंच अडकलाय, त्यांच्या टेबलावर. पत्रा काय, परत येतोय. साहेब परत येत न्हाय."

"पण मालक, ऊन लागलंय. आडाचं पाणी खाली चाललंय. पोरं..."

"तुझी पोरगी गेली, मला काय ठाव न्हाय?" त्यांचा आवाज मऊ झाला. "म्हणून तर म्हणतो. टाकी तूच बनवायची. तिच्या नावानं बनव. दावत शुक्रवारी. जाळी नीट वरखाली झाली पायजे, साहेबांपुढं अडकायची न्हाय."

"बरं," बब्रुवान म्हणाला.

परत येताना तो शब्द त्याच्या दातांत खड्यासारखा कचकचत होता. बरं. सगळी वाट घोकत वाक्य बांधावं आणि शेवटी बरं म्हणून यावं. त्याला हिंमतरावांचा राग येत होताच, पण तो राग सरळ होता, भट्टीतल्या लोखंडासारखा, कुठं पकडावा हे कळत होतं. हा दुसरा राग पकडताच येत नव्हता. तो आतून येत होता आणि आतच जात होता. तिच्या नावानं बनव, ते म्हणाले, आणि क्षणभर, देवा, क्षणभर त्याला बरं वाटलं होतं! मोठ्या माणसानं आपल्या पोरीची आठवण काढली म्हणून. चौकात एक ओळखीचा म्हातारा रामराम म्हणाला, तर बब्रुवाननं त्याच्याकडं असं पाहिलं की म्हातारा भिंतीकडं सरकला.

काम सुरू झालं. त्यानं ठरवलं होतं की सांधा कच्चा ठेवायचा. वरून गुळगुळीत, आतून पोकळ. निखारा पडला की तास-दोन तासांत उकलेल आणि साहेबाच्या पायावर आग सांडेल. सोपं होतं. ज्योत जरा जास्त पुढं न्यायची, धातू पुरता पातळ व्हायच्या आत तार ओढून घ्यायची. कुणाला कळलं नसतं. काळ्या काचेमागं ज्योत निळी झाली, पत्र्याच्या दोन्ही कडा लाल, मग पिवळ्या, मग तो छोटासा पाणीदार ठिपका तयार झाला जो पाहण्यासाठी तो सोलापुरात चार महिने उस्तादाच्या शिव्या खात उभा राहिला होता, आणि हात थांबला. हात आपोआप थांबला. ठिपका दोन्ही कडांना भिडेपर्यंत हातानं वाट पाहिली, तार बुडवली, पुढं सरकला. बब्रुवाननं दात खाल्ले. पुढच्या वितीला पुन्हा ठरवलं, पुन्हा हात थांबला. अशी सहा फुटांची शिवण पडली, माशाच्या खवल्यांसारखी सारखी, आणि तो ज्योत विझवून तिच्याकडं पाहत बसला. इतकी सुंदर शिवण त्यानं आयुष्यात घातली नव्हती. त्यानं हातोडा उचलून शिवणीवर घातला. ठण्ण. काही झालं नाही. पुन्हा घातला. ज्या हातानं पोरीला ते पाणी पाजलं तोच हा हात, ह्याला नको तिथं चूक होते आणि हवी तिथं होत नाही. अक्षरांचा पत्रा त्यानं मागच्या बाजूला लावला, अक्षरं बाहेर ठेवून. एवढंच त्याला जमलं. कुणीतरी वाचेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी सारजाबाई भाकरी घेऊन आली. तेव्हा पन्हाळ चारी बाजूंनी तयार झाली होती. पाय लावायचे होते, जाळी भिंतीला टेकवलेली होती. सारजाबाई दारातच उभी राहिली. दगडा गेल्यापासून ती दुकानात येत नसे, भाकरी उंबऱ्यावर ठेवून जाई. आज ती आत आली. तिनं भाकरी ऐरणीवर ठेवली, पन्हाळीच्या काठावरून हात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, गाभण गायीच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"आली व्हय टाकी?" ती म्हणाली.

बब्रुवानच्या हातात भाकरीचा तुकडा होता.

"मला बोललाव न्हाय," ती म्हणाली. "म्या म्हनलं, इतके दिस गप गप काय करतायत. बरं केलंत. तोटी कुठं बसवनार? खाली बसवा. लेकरांचा हात पुरंल अशी."

सांगायला एक क्षण होता. तो क्षण किती लांब होता हे त्याला नंतर कळलं. त्यात त्याला तिची बोटं दिसली, काठावर थांबलेली, बांगडी मनगटावरून खाली घसरलेली, वर्षभरात हात तेवढा बारीक झाला होता. तिच्या तोंडावर काहीतरी होतं जे त्यानं वर्षभर पाहिलं नव्हतं.

"व्हय," तो म्हणाला. "खालीच बसवतो."

ती गेली. जाताना तिनं शेजारच्या रुद्रम्माला हाक मारून काही सांगितलं, दोघींचा आवाज गल्लीतून आत आला. बब्रुवान उठला आणि त्यानं हातातली भाकरी समोरच्या भिंतीवर फेकून मारली. मग ती उचलली, झटकली आणि खाल्ली.

शुक्रवारी दावत हिंमतरावांच्या आमराईत होती, गावाबाहेर, दुपारी. त्याच्या आदल्या दिवशी शेगडीत बाभळीची लाकडं पेटवून पाहिली होती, जाळी लोण्यासारखी वरखाली झाली होती. दांडा फिरवायला बब्रुवानलाच बोलावलं. धुतलेला सदरा घालून ये, असा निरोप होता. झाडांखाली सतरंज्या, गालिचे, पाण्याच्या घागरी ओल्या फडक्यांत गुंडाळलेल्या, ओळीनं. त्यानं मोजायचं नाही असं ठरवलं आणि मोजल्या, नऊ. गल्लीत त्या सकाळी आडावर बाया खालच्या गाळापाशी घागरी खरवडत होत्या. मोठे साहेब उतारवयाचे, सडपातळ, पांढरी शेरवानी घातलेले होते, दम्यानं त्यांचा श्वास वाजत होता. ते कुणावर ओरडले नाहीत. त्यांनी मान वाकवून साखळी, दांडा, जाळी सगळं पाहिलं, लहान पोर खेळणं पाहतं तसं. बब्रुवान दांडा फिरवत होता. चरबी निखाऱ्यावर पडून चर्र करत होती, धूर तोंडावर येत होता, आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. सकाळपासून त्यानं काही खाल्लं नव्हतं. तोंडाला पाणी सुटलं म्हणून त्याला स्वतःच्या तोंडाचा इतका राग आला की त्यानं गालाचं मांस दातांत धरलं, रक्ताची चव येईपर्यंत.

"वाह," साहेब म्हणाले. "ये किसने बनाया?"

"अपनाच आदमी है, हुजूर," हिंमतराव म्हणाले. "जैसा बोला वैसा बनाया. हमारे यहाँ भी कारीगर हैं."

साहेबांनी बब्रुवानकडं पाहिलं. खरंच पाहिलं, त्याच्या डोळ्यांकडं. "हुनर है तुम्हारे हाथ में," ते म्हणाले. हे कौतुक खरं होतं. वर्षभरात कुणी इतकं खरं बोललं नव्हतं, आणि ते ह्या वस्तूसाठी होतं. बब्रुवानचा हात दांड्यावरून सुटला. जाळी खडखडत खाली गेली.

"साहेब, ये शेगडी नै है," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. "ये आबनोशी का पत्रा है. हमारे गल्ली की टाकी है ये."

हिंमतराव हसले. "धूप लगी है उसको, हुजूर."

"धूप नै लगी. पीछे लिखा है, साहेब. आबनोशी, लोहार गल्ली. देखो तुम."

साहेब खरोखर उठले. शेरवानी सावरत शेगडीच्या मागं गेले, वाकले. बब्रुवानही गेला. पत्रा तपकिरी-काळा झाला होता. रंगाचा एक फोड तेवढा कोपऱ्यात उरला होता, त्याचं अक्षर कुठल्याच बाजूनं वाचता आलं नसतं. आदल्या दिवशीची आग त्यानंच पेटवली होती.

"कहाँ लिखा है?" साहेबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थोडा कंटाळा होता. पाहुण्यांत कुणीतरी हसलं. मग साहेबही, वातावरण हलकं करावं म्हणून, हसून म्हणाले, "टाकी है तो पानी किधर है, भाई?"

पुढचं बब्रुवानला तुकड्यातुकड्यांनी आठवे. ओल्या फडक्याचा गार स्पर्श. घागर भरलेली असूनही हलकी लागली होती. त्यानं ती शेगडीत उलटी केली. मग दुसरी. वाफ आणि राख एकदम वर उडाली, फुत्कार झाला, आंब्याच्या फांद्यांतून पाखरं उडाली, पांढऱ्या शेरवानीवर काळे थेंब पडले, कुणी खोकलं, कुणी ओरडलं. तापलेला पत्रा पाण्यानं आखडला आणि कण्हल्यासारखा आवाज करत वेडावाकडा झाला, भाजलेल्या पापडासारखा. शिवण उकलली नाही. ते त्यानं पाहिलं. तिसऱ्या घागरीला हात घातला तेव्हा पाठीत काठी बसली. "ये पानी," तो खाली पडता पडता म्हणत होता, "ये पानी, साहेब, बगा, ये."

कोतवालीत त्याला बारा दिवस ठेवलं. पहिले तीन दिवस मारलं, मग मारणाऱ्यांनाच कंटाळा आला. साहेब त्याच संध्याकाळी निघून गेले होते. त्यांनी तक्रारही केली नाही आणि चौकशीही केली नाही, असं शिपाई म्हणाला. बब्रुवान कोनाड्याशी बसून वाट पाहत होता की राग उतरेल. करून टाकलं की राग उतरतो असं त्याला वाटलं होतं. तो उतरला नाही. बरगडी दुखायची थांबली तरी तो तिथंच होता, फक्त आता तो ओळखीचा झाला होता. बारा दिवसांत सारजाबाई एकदाही आली नाही. भाकरी रुद्रम्माचा नवरा शंकरप्पा आणून देई, आणि काही विचारलं की छताकडं पाही.

सुटून आला तेव्हा दुकानाच्या कुलपाला लाखेचं सरकारी सील लागलं होतं. आत गॅसचा सिलिंडर, कार्बाईडची टाकी, सगळं अडकलेलं. आणि गल्लीच्या तोंडाशी शेगडी पडली होती, पिळवटलेली, एका कुशीवर. हिंमतरावांच्या गड्यांनी गाडीतून आणून ढकलली होती. घ्या तुमची टाकी, असं म्हणून गेले होते. कुत्री तिची चरबी चाटून गेली होती. घरात सारजाबाई जोंधळे निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही. तो उंबऱ्यावर बसला.

"साहेबापुढं खरं बोललाव म्हनं," ती म्हणाली.

"व्हय."

"माझ्यापुढं दातखीळ बसली व्हती?"

त्यानं उंबऱ्याशी सांडलेला एक जोंधळा उचलून सुपात टाकला.

"म्या साऱ्या गल्लीला सांगितलं, टाकी आली म्हनून. रुद्रम्माला सांगितलं. ज्यांची ज्यांची गेली त्या समद्यांच्या घरी जाऊन सांगून आले." तिनं सूप खाली ठेवलं. "त्या हिंमतरावानं आमाला फसवलं. तो फसवनारच, तो त्यो हाय. तुमी कोन हाव?"

बब्रुवानला सांगायचं होतं. तुझ्या तोंडावर जे आलं होतं ते मला पुसवलं नाही. आणि त्याच्याही मागचं, घागरींचं, त्या दिवशी किती वेळा आडावर गेलो ते. त्यानं तोंड उघडलं आणि म्हणाला, "तिला पाणी म्याच पाजलं व्हतं."

"मला काय दिसलं न्हाय?" सारजाबाई म्हणाली. "निम्मं म्या पाजलं." मग ती उठली, बाहेर गेली आणि शेगडीपाशी उभी राहून तिनं तिला पायानं ढकलून पाहिलं. "ह्यात कोन पाणी पिनार? मटन भाजलंय ह्यात, रुद्रम्माच्या घरचे तर तोंड लावनार न्हाईत. ह्याचं झाकण करा."

"कशाचं?"

"आडाचं. दुसरं काय हाय आपल्याकडं? वरून घान जाती ती तरी ऱ्हाईल."

"गॅस न्हाय. दुकान बंद हाय."

"तुमचा बाप काय गॅसवर काम करीत व्हता?"

बापाचा घण घरातच होता, माळ्यावर, सोबत छिन्नी. बब्रुवाननं शेगडी भर रस्त्यात ओढली आणि दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर, छिन्नीनं आपलीच शिवण फोडायला बसला. दोन दिवस लागले. शिवण त्याला शिव्या देत सुटत होती आणि तो तिला. पत्रे सरळ होईनात, थंड लोखंड ठोकून ठोकून त्याचे तळहात फुटले, पण तो थांबला नाही. प्रत्येक घावाला एक तोंड होतं, हिंमतरावांचं, हसणाऱ्या पाहुण्याचं, कंटाळलेल्या साहेबांचं, आणि सगळ्यात जास्त वेळा त्याचं स्वतःचं, भाकरीचा तुकडा हातात धरून व्हय म्हणणारं. हिंमतराव एकदा घोड्यावरून तिकडून गेले. थांबले नाहीत. पुढं त्यांचं काही बिघडलं नाही. दोन वर्षांनी राज्य बदललं तेव्हा चौकात नवा झेंडा लावायला तेच पुढं होते, आणि टाकीचा शब्द त्यांनी त्या दिवशीही दिला.

झाकण झालं. रिव्हेटा मारलेलं, उंचसखल, कुबड आलेलं, एका बाजूला बिजागरीवर उघडणारं दार. शंकरप्पानं आणि गल्लीतल्या चार गड्यांनी ते उचलून आडावर बसवलं, आणि सारजाबाईनं भोवतीचं शेण खरवडून काढून सांडपाण्याचा चर दुसरीकडं वळवला. कुणी नारळ फोडला नाही. त्या उन्हाळ्यात गल्लीत पटकी आली नाही. ते झाकणामुळं की आपसूकच, हे कुणाला सांगता येत नव्हतं.

झाकणाच्या बिजागरीला अजून तेल आहे. दार सावकाश खाली येतं, रुद्रम्मा ते दोन बोटांनी मिटवते. सारजाबाई घागर भरते, कमरेवर घेते आणि मोकळ्या हातानं दार मुद्दाम आपटते. सगळ्या गल्लीत ऐकू जातं. घरापुढं बापाचा घण चालवणारा बब्रुवान काम थांबवतो, आवाज पुरता विरेपर्यंत थांबतो, आणि मग पुढचा घाव घालतो.